साठाव्या भागात दृष्टी परत येत नाही

साताऱ्याच्या एका तरुण पटकथालेखिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या लिहीत असलेल्या दैनंदिन मालिकेत नायिकेचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी अपघातात दृष्टी गमावतो. वाहिनीचे म्हणणे असे, की साठाव्या भागाच्या आसपास ग्रामदेवतेच्या जत्रेत त्याला पुन्हा दिसू लागावे, कारण त्यापुढे हा ट्रॅक ताणता येणार नाही. हे लिहावे की नाही, अंध माणूस पडद्यावर दाखवताना नेमके काय चुकते आणि कायदा याबाबत काही सांगतो का, असे त्यांनी विचारले आहे. मी सांगलीत सत्तावीस वर्षे अंध आणि बहुविकलांग मुलांना शिकवते आहे. त्यातला बराच काळ चलनवलन, म्हणजे पांढरी काठी घेऊन घराबाहेर पडायला शिकवणे, हेच माझे काम होते. अधूनमधून मालिकांच्या संहिताही वाचून दिल्या आहेत. त्यांतल्या माझ्या किती सूचना पडद्यापर्यंत पोहोचल्या हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. लिहू नका. काही वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातल्या एका घरी मी गेले होते. घरातला अकरा वर्षांचा मुलगा स्नायूंच्या दुबळेपणाच्या आजारामुळे चालू शकत नव्हता. संध्याकाळी आजी मालिका पाहत होती आणि तीत चाकाच्या खुर्चीतले सासरे आरतीच्या शेवटी थरथरत उभे राहिले. आजी नातवाकडे वळून अगदी मायेने म्हणाली, "बघ, ते उठलं. तुझीच भक्ती कमी पडतीया." त्यानंतर त्या पोराने मंगळवार धरले. दिवसभर उपाशी राहायचा आणि शाळेत डबा मित्राला देऊन टाकायचा. मुळातच स्नायू झिजत असलेल्या मुलाचा उपास आईच्या लक्षात आला तो तीन आठवड्यांनी. मालिका तोवर पुढच्या ट्रॅकवर गेली होती, सासरे घरभर फिरत होते. या घरी मात्र मूल देवापुढे नापास ठरले होते.

ज्या साताऱ्यात बसून तुम्ही हे लिहीत आहात, त्याच साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ महाराष्ट्रभर उभी केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्याला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. त्याहीपूर्वीपासून, केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांतील कार्यक्रम संहितेत अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असे स्पष्ट म्हटलेले आहे. वाहिनीशी बोलताना हा मुद्दा उपयोगी पडेल. पण माझी हरकत केवळ चमत्काराला नाही. जत्रेऐवजी अमेरिकेहून आलेल्या डॉक्टरांच्या हातून त्याला दृष्टी मिळाली तरी माझी हरकत तेवढीच असेल, कारण आपल्या मालिकांना अपंगत्व ही घटना म्हणूनच ठाऊक आहे. ते कोसळते, रडवते आणि निघून जाते. माणूस त्यासह पुढची चाळीस वर्षे जगतो, त्याच्यासाठी घरातल्या वस्तूंच्या जागा बदलतात, भावकीतली बोलणी बदलतात, रोजचा वेळ बदलतो, हे पडद्यावर येतच नाही.

घटना म्हणून आलेल्या अपंगत्वाला कारण द्यावे लागते, आणि तेथे आपला लेखक फार जुन्या सवयीने वागतो. पौराणिक मालिकांतला शकुनी लंगडतो, मंथरा पाठीतून वाकलेली असते, कुष्ठरोग शापानेच होतो. २०१९ मध्ये संसदेने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यांतून काढून टाकले. पडद्यावर मात्र शाप चालूच आहे. मंथरेवरून ललिता पवारांची गोष्ट आठवते. १९४२ मध्ये चित्रीकरणात जोरात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला लकवा झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिका म्हणून काम करणाऱ्या या अभिनेत्रीकडे त्यानंतर खाष्ट सासवा आल्या आणि १९८७ च्या 'रामायण' मालिकेत मंथराही आली. त्यांचा अभिनय थोर होताच. पण एका बाईला कामाच्या जागी झालेली इजा पुढे पडद्यावर दुष्टपणाची खूण म्हणून वापरली गेली, आणि आपण ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच वाचली, याचा विचार लिहिणाऱ्याने करावा.

शापाहूनही अपायकारक ठरतो तो सोंगाचा ट्रॅक: दार बंद झाले की चाकाच्या खुर्चीतली खलनायिका उठून उभी राहते आणि कॅमेरा तिच्या पायांवर जातो. दृष्टिदोष असलेल्या पुष्कळ माणसांना थोडेफार दिसते, कुणाला फक्त मधले, कुणाला फक्त कडेचे, कुणाला उजेड-अंधार एवढेच. माझा एक विद्यार्थी काठीशिवाय रस्ता ओलांडू शकत नाही, पण फोन नाकाला लावून मोठ्या अक्षरांतला मजकूर वाचू शकतो. एसटीत अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. मिरजेच्या गाडीत त्याने सवलतीचे तिकीट काढून फोन डोळ्यांशी धरला, तेव्हा शेजारचे गृहस्थ सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे म्हणाले, "दिसतंय की याला, नाटक करतंय." ही शंका त्या गृहस्थांनी कोठून घेतली, हे मी सिद्ध करू शकत नाही. मात्र रोज रात्री घरोघरी तिची उजळणी होते, एवढे मला दिसते.

आता प्रत्यक्ष पात्राकडे येते. वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात चाललेल्या चित्रीकरणाला मला एकदा सल्ल्यासाठी बोलावले होते. पात्र चाकाच्या खुर्चीत होते. चौकातून ओसरीवर यायला तीन दगडी पायऱ्या होत्या, पुढे वीतभर उंच उंबरठा आणि वर माडी. पहिल्या दृश्यात पात्र चौकात आणि दुसऱ्यात माडीवर. मी कला विभागाच्या मुलाला विचारले, की हे वर गेले कसे? तो हसून म्हणाला, "मॅडम, कट मारला." आपल्या दूरचित्रवाणीवर अपंग माणूस असाच फिरतो, एका कटवरून दुसऱ्या कटवर. खऱ्या वाड्यात त्या तीन पायऱ्या म्हणजे दोन माणसांची रोजची जुळवाजुळव असते. कोण उचलणार, कोणाची पाठ धरली आहे, सून उचलू शकते पण सासऱ्यांना ते चालत नाही, म्हणून मुलगा कामावरून येईपर्यंत माणूस खालीच बसून राहतो. एवढ्यात चार भागांचे नाट्य आहे, आणि ते पायऱ्यांनी दिलेले आहे. अपंगत्व शरीरात किती आणि उंबरठ्यात किती, हा वाद अभ्यासक सामाजिक दृष्टिकोन या नावाने करतात. लेखकाला त्यासाठी वाद घालायला नको, कॅमेरा पायरीवर ठेवला की पुरते. जाता जाता सांगते, त्या दिवशी खुर्चीही चुकीची होती. इस्पितळात रुग्णाला मागून ढकलण्याची ती जड खुर्ची होती आणि पात्र मात्र पाच वर्षे खुर्चीत असलेला, स्वतःचा व्यवसाय सांभाळणारा माणूस होता. असा माणूस स्वतः चाके फिरवू शकेल अशी हलकी खुर्ची मिळवण्यासाठी धडपडतो, आणि मणक्याला इजा झालेली असेल तर बसल्या जागी जखमा होऊ नयेत म्हणून थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलतो. नटाने संवाद बोलता बोलता एवढे केले असते, तर त्या पाच वर्षांबद्दल एकही वाक्य लिहावे लागले नसते.

तुमचे पात्र अंध आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. नट बहुधा पापणी न लवता समोर टक लावतो आणि दोन्ही हात पुढे करून चाचपडत चालतो. स्वतःच्या घरात कोणीही अंध माणूस असा चालत नाही; तो खांबाच्या एका स्पर्शावरून, पायाखालच्या फरशीवरून, मोरीच्या वासावरून, पंख्याच्या आवाजावरून आपण कोठे आहोत ते ठरवतो. अनोळखी जागीही तो एकच हात, तळवा बाहेरच्या बाजूला करून, कपाळाच्या उंचीवर आडवा धरतो, म्हणजे उघड्या खिडकीचे दार डोक्याला लागत नाही. काठी ही म्हाताऱ्याच्या आधाराची काठी नव्हे. ती खांद्याच्या रुंदीइतकी डावी-उजवी फिरते, आणि उजवे पाऊल पुढे पडते तेव्हा काठीचे टोक डावीकडे टेकलेले असते, कारण पुढचा पाय जेथे पडणार ती जागा आधी तपासायची असते. हा ताल बसायला माझ्या विद्यार्थ्यांना काही आठवडे लागतात. नटाला चार दिवस दिले तरी निदान तो काठी तलवारीसारखी हवेत धरणार नाही. सोबत कोणी असेल तर अंध माणूस त्या सोबत्याचे कोपर धरतो आणि अर्धे पाऊल मागे राहतो. सोबत्याने त्याचा दंड पकडून पुढे ढकलायचे नसते. नायिकेचे भावावर प्रेम आहे हे दाखवायला तुम्ही तिला त्याचा दंड धरायला लावाल, आणि माझे सगळे विद्यार्थी ते ऐकून हसतील, कारण असे प्रेम करणारे त्यांना रोज भेटतात. पहिल्या भागात ती दंड धरते आणि चाळिसाव्या भागात न सांगता कोपर पुढे करते, असे लिहिलेत तर त्या दोघांतले नाते किती पुढे सरकले ते प्रेक्षकाला संवादाविना कळेल.

एकोणिसाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या मुलाचा क्रमही समजून घ्या. रडारड होते, पण ती साठ भाग चालत नाही. पहिली लाज जेवताना वाटते, पानात काय कोठे आहे ते कळत नाही म्हणून. मग आई किंवा बहीण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगायला शिकते: बाराला भात, तीनला भाजी, नऊला लोणचे. त्यानंतर फोन येतो. पडद्यावरचे वाचून दाखवणारा टॉकबॅक सुरू केला की आधी त्या यांत्रिक मराठीची चिडचिड होते, आणि सहा महिन्यांत तोच मुलगा ती इतक्या वेगाने ऐकू लागतो की शेजारच्याला एक शब्द कळत नाही. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये 'मनी' नावाचे अ‍ॅप काढले. किराणा दुकानात ते मोठ्याने रक्कम सांगते, आणि खिशात किती आहे ते सगळ्या दुकानाला कळते. माझ्या एका विद्यार्थ्याने त्यासाठी इअरफोन घेतला. असे बारकावे संहितेत असतील, तर मुलाच्या डोळ्यांत पाणी आणि मागे बासरी घालावी लागत नाही.

कर्णबधिर पात्रांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तुमच्या कथेत ते नाही. मालिकेतला कर्णबधिर माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कुजबुजीतले कारस्थान ओठांवरून वाचतो. आरशासमोर उभे राहून 'पाट', 'भाट' आणि 'माठ' असे आवाज न काढता म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. उरलेले तो संदर्भावरून जुळवतो, आणि दिवसअखेर त्याने दमतो. दुसरे, सांकेतिक भाषेत हात, खांदे आणि चेहरा मिळून वाक्य होते, आणि मालिकांना चेहऱ्याच्या अतिजवळच्या क्लोजअपचे वेड आहे, त्यामुळे हात चौकटीबाहेर जातात आणि पात्राचे बोलणे अर्धे कापले जाते. बातम्यांच्या कोपऱ्यातल्या दुभाषकाचीही तीच गत, खालची धावती पट्टी त्यांच्या मनगटावरून जाते. 'मूकबधिर' हा शब्दही टाळा, त्यांना भाषा आहे. मनोरुग्णालयाच्या दृश्यांबद्दल एवढेच, की जागेपणी बांधून दिलेला विजेचा झटका आपल्या पडद्यावर अजून दिसतो, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना ही चिकित्सा करण्यास बंदी घातली आहे.

भूमिका कोणी करावी, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी तो येतोच. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' येथे केले, आणि तेव्हापासून या गावाला सोंग आणि अभिनय यांतला फरक चांगला कळतो असे आम्ही मानतो. डोळस नटाने अंधाची भूमिका करू नये असे मी म्हणणार नाही. अभिनय म्हणजे परकाया प्रवेशच. पण डोळस पात्राची भूमिका अंध नटाला कोणी देत नाही, आणि अंधाचीही देत नाही, तेव्हा तो मुलगा कोठे काम करणार? मुख्य पात्र जमत नसेल तर निदान बँकेतला कारकून, कॉलेजातला प्राध्यापक, सोसायटीचा सचिव अशा एखाद्या जागी अपंग माणूस ठेवा, आणि त्याच्या अपंगत्वाबद्दल कोणी एक शब्द बोलू नये असे लिहा. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. मालिकांतल्या लग्नांना चारशे पाहुणे येतात, त्यांत एकही कुबडी दिसत नाही.

मालिकांबाहेरही चित्र फारसे वेगळे नाही, फक्त तेथे रडण्याची जागा कौतुक घेते. आमच्याच जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि वाहिन्यांना त्यांची खरी आठवण झाली ती २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट आल्यावर. त्याच वर्षी सप्टेंबरात आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरची फेक करून रौप्यपदक आणले. त्या संध्याकाळी मी पाहिलेल्या बातम्यांत त्यांच्या अधू हाताला काय झाले यावर बराच वेळ गेला. एका हाताचा तोल नसताना शरीर फिरवून गोळा एवढा लांब कसा फेकतात, हे मात्र कोणी विचारले नाही. गाण्याच्या स्पर्धांत तर अंध गायकाची ओळख संथ गतीतल्या चित्रांनी आणि पियानोच्या सुरांनी होते आणि परीक्षक त्याच्या तारसप्तकावर न बोलता त्याच्या जिद्दीवर बोलतात. स्टेला यंग या ऑस्ट्रेलियन विनोदकार आणि पत्रकार स्वतः चाकाच्या खुर्चीत असत. धडधाकट माणसांना स्वतःबद्दल बरे वाटावे म्हणून अपंगांना असे वापरण्यावर त्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी फार मार्मिक टीका केली होती.

कायद्याचे म्हणाल तर तीन गोष्टी माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांच्या जागी त्यात एकवीस प्रकार आहेत. त्याच्या कलम ९२ नुसार, लोकांदेखत अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि दंड होऊ शकतो. कलम ४२ सरकारवर अशी जबाबदारी टाकते, की इलेक्ट्रॉनिक माध्यमे ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि उपशीर्षके यांसह अपंगांना उपलब्ध व्हावीत. अ‍ॅपवर मराठी मालिकांखाली उपशीर्षके असलीच तर बहुधा इंग्रजीत असतात, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या कर्णबधिर मुलीला त्यांचा उपयोग होत नाही. याबद्दल प्रेक्षकही तक्रार करत नाहीत, हे खरे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'आँख मिचोली' या हिंदी चित्रपटाविरुद्ध अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या याचिकेवर दृश्यमाध्यमांतील अपंगत्वाच्या चित्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्या चित्रपटात न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही आणि कलावंताचे स्वातंत्र्य मान्य केले. मात्र अपंगांना खाली पाडणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद यांत स्पष्ट भेद केला. हिणवणारे शब्द टाळावेत, 'पीडित' आणि 'ग्रस्त' अशी भाषा नको, वैद्यकीय स्थिती शक्य तितकी अचूक दाखवावी, अंधांना दिव्य श्रवणशक्ती असते अशा समजांवर पात्रे उभारू नयेत, आणि मुख्य म्हणजे लिहिताना अपंग व्यक्तींचा सहभाग घ्यावा, असे न्यायालय म्हणते. याचा अर्थ विनोद बंद, असा वाहिनीचे वकील सांगतील. तो तसा नाही. माझे विद्यार्थी आपसांत जे विनोद करतात ते मी येथे लिहू शकणार नाही, पण त्यांत हसे होते ते डोळसांचे.

तिसरी गोष्ट तक्रारीची. मालिकांना प्रसारणाआधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार प्रेक्षक थेट वाहिनीकडे तक्रार करू शकतो, वाहिनीने पंधरा दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणि समाधान झाले नाही तर प्रसारकांच्या स्वयंनियमन मंडळाकडे व त्यानंतर केंद्र सरकारकडे जाता येते. शब्दाबद्दल विचारलेत तर शासकीय शब्द आज 'दिव्यांग' आहे, महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये त्या नावाचा स्वतंत्र विभागही केला. पण अंगात दिव्य काही नाही असे म्हणणारे अपंग कार्यकर्ते बरेच आहेत, आणि मीही बोलताना 'अपंग' म्हणते. तुमच्या पात्राची आजी 'आंधळं' म्हणेल, तिला तसे म्हणू द्या. ती तशीच बोलते. फक्त निवेदन आणि नायिका यांची भाषा आजीची नसावी.

आता वाहिनीचा खरा प्रश्न उरतो: दृष्टी परत येणार नसेल तर साठाव्या भागात घडणार काय? मी सुचवते ते असे. मुलगा बँकेची परीक्षा देतो आहे. केंद्र सांगलीला आहे, आणि साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने तो पहिल्यांदाच एकटा निघाला आहे. नियमानुसार त्याला तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. लेखनिक म्हणून मामेबहीण यायची आहे. तिचे शिक्षण परीक्षेसाठी लागणाऱ्या पात्रतेपेक्षा कमी असावे अशी अट आहे, आणि ती गेल्याच महिन्यात पदवीधर झाली हे घरात सगळ्यांना आनंदाने माहीत असूनही कोणाच्या ध्यानात आलेले नाही. केंद्रावरचा माणूस कागद पाहून मान हलवतो. घंटेला पस्तीस मिनिटे आहेत. मुलगा बहिणीला म्हणतो, की कोपर दे आणि मला रस्त्यापलीकडच्या ज्युनिअर कॉलेजच्या फाटकापर्यंत ने, बारावीचं कोणीतरी पोर आलेलं असेल.